कोलते, विष्णु भिकाजी
(२२ जून १९०८–८ एप्रिल १९९८). महानुभाव साहित्याचे संशोधक, संपादक व शिक्षणतज्ज्ञ. जन्म बुलढाणा जिल्ह्यातील नरवेल येथे. अमरावती व नागपूर येथे त्यांनी मराठीचे अध्यापन केले.

चक्रधरस्वामींनी तेराव्या शतकात स्थापन केलेल्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले होते. सकळ लिपीत एका अक्षराच्या जागी दुसरेच अक्षर योजलेले असते, त्यामुळे किल्ली हाती नसलेल्याला पोथी उघडूनही काहीच उमगत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही लिपी उलगडली. परंतु लिपी वाचता येणे आणि पोथी हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी होत्या. पोथ्या मठांत होत्या आणि पंथाबाहेरच्या माणसाला त्या सहसा दाखवल्या जात नसत. महंतांचा विश्वास संपादन करून कोलते यांनी त्या मिळवल्या, पडताळल्या आणि छापल्या. त्यांच्या विद्वत्तेइतकेच या चिकाटीचेही मोल मोठे आहे.

‘भास्करभट्ट बोरीकर’ (१९३५) या ग्रंथाने त्यांच्या संशोधनाची दिशा ठरली. पुढे पंथाचे तत्त्वज्ञान व आचारधर्म यांवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. ‘श्रीचक्रधर चरित्र’ (१९५२) मात्र सामान्य वाचकालाही सहज वाचता येईल असे आहे. विदर्भातील प्राचीन ताम्रपटांचे वाचनही त्यांनी केले.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘लीळाचरित्रा’ची संपादित आवृत्ती. ‘लीळाचरित्र’ म्हणजे चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ. या आठवणी त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस रिद्धपूर येथे, त्या प्रत्यक्ष पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन गोळा केल्या. पुढे खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ प्रत हरवली आणि अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. साहजिकच हिराइसा, परशरामबास अशा वेगवेगळ्या पाठपरंपरा, म्हणजे एकाच ग्रंथाची निरनिराळी रूपे, निर्माण झाल्या. एकच प्रसंग दोन-तीन तऱ्हांनी सांगितलेला असताना संपादकाने कोणता पाठ मुख्य मजकुरात घ्यावा, हा येथे केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही. तो श्रद्धेलाही भिडतो. पंथातील काहींनी या आवृत्तीतील काही लीळांवर, म्हणजे चक्रधरांच्या आयुष्यातील प्रसंगांवर, तीव्र आक्षेप घेतला आणि तो वाद दीर्घकाळ चालला. जो ग्रंथ अभ्यासकाला मराठी गद्याचा आद्य नमुना वाटतो, तोच अनुयायाला ईश्वराचे चरित्र असतो. या दोन्ही वाचनांचा मान राखणे किती अवघड आहे, हे या प्रकरणातून दिसते.

कोलते यांचे कार्य अभ्यासिकेपुरते मर्यादित नव्हते. ‘मराठी संतांचे सामाजिक कार्य’ या पुस्तकात त्यांनी संतवाङ्मयाचा विचार समाजाच्या अंगाने केला. १९६६ ते १९७२ या काळात ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६७ मध्ये भोपाळ येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. ‘अजुनी चालतोची वाट’ हे त्यांचे आत्मचरित्र.