ऑर मोठा की लिडस्ट्रॉम? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

आइस हॉकीतला सर्वांत मोठा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू कोण, हा वाद निघाला की बॉबी ऑर आणि निकलस लिडस्ट्रॉम ही दोन नावं हमखास समोरासमोर येतात. ऑरचे ६५७ सामन्यांत २७० गोल, लिडस्ट्रॉमचे १५६४ सामन्यांत २६४. एवढ्यावर निकाल लागायला हवा. लागत नाही, कारण दोघांकडून मागितलेलं कामच वेगळं होतं.

१९२८-२९च्या मोसमात पुढे पास देण्यावर इतकी बंधनं होती की मॉन्ट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ पैकी २२ सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. पुढच्याच मोसमात एनएचएलने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगने, ती बंधनं सैल केली. त्या धसमुसळ्या काळातला बोस्टनचा एडी शोर चार वेळा हार्ट ट्रॉफीचा, म्हणजे लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूचा मानकरी ठरला. डिफेन्समनसाठीची नॉरिस ट्रॉफी मात्र १९५४ साली सुरू झाली. त्यामुळे नॉरिस मोजून क्रमवारी लावणाऱ्यांच्या हिशेबात शोर शून्यावरच राहतो!

मॉन्ट्रियलच्या डग हार्वीला सात नॉरिस मिळाल्या, पण सगळ्या कारकिर्दीत गोल केवळ ८८. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, स्टिकवर आला की तो घाई करायचा नाही. प्रतिस्पर्धी अंगावर येईपर्यंत थांबायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेत पास सरकवायचा. खेळाचा वेग त्याच्या मर्जीने चाले. गोल आणि गोलला हातभार लावणारे पास मोजणाऱ्या गुणतक्त्यात हे कुठे दिसणार?

ऑरने मग चित्रच पालटलं. स्वतःच्या गोलपाशी पक घ्यायचा आणि थेट समोरच्या गोलवर जायचं. १९७०-७१मध्ये त्याचे १३९ गुण झाले. १९६७ला संघ सहाचे बारा झाले, नवे संघ दुबळे होते, असा आक्षेप घेतात. तो फोल नाही, पण त्याच संघांविरुद्ध बाकीचे डिफेन्समनही खेळत होते. लीगच्या गुणतक्त्यात पहिला आलेला डिफेन्समन आजवर ऑर एकटाच. गुडघ्यांनी तिशीतच त्याला थांबवलं.

पॉल कॉफीने १९८५-८६मध्ये ४८ गोल केले, पण तेव्हा गोलांचा सुकाळ होता. लिडस्ट्रॉमची बरीच कारकीर्द उलट, गोल आटलेल्या काळातली. धडक न देता स्टिकच्या टोकाने पक काढून घेणारा हा स्वीडिश खेळाडू पहिल्या नॉरिसच्या वेळी ३१ वर्षांचा होता. पुढे त्याने आणखी सहा मिळवल्या. शिखर बघायचं तर माझं मत ऑरला. वीस मोसम संघ उभा करायचा असेल तर लिडस्ट्रॉमला.

या यादीत व्याचेस्लाव फेतिसोव्ह बहुतेकदा नसतोच. सोव्हिएत संघाकडून दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकून १९८९ साली तो एनएचएलमध्ये पोहोचला, तोही वयाच्या ३१व्या वर्षी. १९९७ आणि १९९८चे स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, त्याने डेट्रॉइटकडून जिंकले, लिडस्ट्रॉमच्याच संघातून.