बर्नअपसाठी स्पेक्ट्रम पाठवताय? आधी बंडलची तारीख बघा

वापरलेल्या अणुइंधनाच्या बंडलचा (कांड्यांच्या जुडग्याचा) गॅमा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या ऊर्जेचे किती गॅमा किरण येतात त्याची नोंद, तुम्ही पाठवता. त्यावरून आम्ही बर्नअप काढतो, म्हणजे दर टन इंधनातून किती ऊर्जा घेतली गेली ते. “रिपोर्ट कुठे अडकला?” असा फोन येतो, तेव्हा रिपोर्ट बहुधा आमच्या अर्जातल्या तिसऱ्या रकान्यात अडकलेला असतो: इंधन अणुभट्टीतून बाहेर काढल्याची तारीख.

इंधनात तयार होणाऱ्या सीझियम-१३७चं अर्धायुष्य (निम्मं उरायला लागणारा काळ) सुमारे ३० वर्षं. तारीख वर्षभराने चुकली तरी त्याच्या ६६२ केईव्हीच्या (केईव्ही हे गॅमा ऊर्जेचं एकक) पीकमध्ये, म्हणजे स्पेक्ट्रममधल्या उंचवट्यात, सव्वादोन-अडीच टक्क्यांचाच फरक पडतो, म्हणून ‘अंदाजे’ लिहून चालेल असं वाटतं. पण सीझियम-१३४चं अर्धायुष्य जेमतेम २ वर्षांचं आहे. या दोघांच्या गुणोत्तरावरून बर्नअप काढायचं तर वर्षाची चूक त्याला पाव हिश्श्याहून जास्त हलवते. मागे एका अर्जावर ‘०३/०७’ असं आलं. ७ मार्च की ३ जुलै? फरक सुमारे १० टक्क्यांचा. उत्तर येईपर्यंत फाइल आठवडाभर तशीच राहिली.

दुसरा घोळ जास्त होतो. तारापूरच्या १ आणि २ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांत इंधन बदलायला अणुभट्टी बंद करावी लागते, तिथे बंद केल्याची तारीख चालते. ३ आणि ४ जड पाण्याच्या. तिथे अणुभट्टी चालू असतानाच बंडल बदलतात. अशा इंधनाला प्रत्येक बंडलची स्वतःची तारीख हवी. बंडल हॉट सेलमध्ये (किरणोत्सर्ग अडवणाऱ्या जाड भिंतींच्या खोलीत) आणल्याची तारीख तर कुठेच उपयोगाची नाही.

“स्पेक्ट्रमवरूनच तारीख काढा ना!” असंही सुचवतात. झपाट्याने कमी होणारं सेरियम-१४४ अजून दिसत असेल तर ढोबळ अंदाज येतो, आणि आम्ही तो काढतोच, पण तुमची तारीख तपासण्यासाठी. तारीख आणि बर्नअप दोन्ही एकाच स्पेक्ट्रममधून घेतले, तर पडताळणार कशाशी? म्हणून तारखेशिवाय आम्ही आकडा देत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण सही आमची असते.

इंधनातच शोषल्या जाणाऱ्या गॅमाची दुरुस्ती मात्र आमच्यावर सोडा. सीझियम-१३४च्या ६०५, ७९६ आणि १३६५ केईव्हीच्या पीकवरून त्याच मोजणीची सापेक्ष कार्यक्षमता (कोणत्या ऊर्जेचे गॅमा किती प्रमाणात मोजले जातात ते) आम्ही बसवतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

मूळ स्पेक्ट्रम फाइलच पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. महिना अक्षरात लिहा. बंडल अणुभट्टीत किती काळ, किती पॉवरवर होतं तेही जोडा. एवढं हातात असलं की फाइल त्याच दिवशी कामाला लागते.