माहुलचा वास कोणत्या रकान्यात लिहायचा?

प्लांटवर सेफ्टीचं काम करणारी मराठी माणसं ‘हॅझर्ड’ आणि ‘रिस्क’ हे शब्द तसेच वापरतात, त्यांचं भाषांतर करायला जात नाहीत. त्याला कारण आहे. नाफ्त्याची (पेट्रोलसारख्या चटकन पेटणाऱ्या द्रवाची) टाकी हा हॅझर्ड. ती फुटण्याची शक्यता किती आणि फुटली तर कुणाला, किती इजा होईल, हा हिशेब म्हणजे रिस्क. टाकी आहे तिथेच राहते, पण तिच्या कुंपणापलीकडे वस्ती वाढली की रिस्क वाढते. मराठी फलकांवर आणि फॉर्मवर मात्र दोन्हींसाठी ‘धोका’ हा एकच शब्द येतो. मुंबईत चेंबूरजवळच्या माहुलबद्दल आजवर जे वाद झाले त्यांतला बराचसा घोळ इथूनच सुरू होतो, असं माझं मत आहे.

पन्नाशीच्या दशकात कारखान्यांसाठी माहुलच्या परिसराची, म्हणजे तुर्भ्याची (ट्रॉम्बेची), निवड झाली ती समुद्र जवळ आणि शहर लांब म्हणून. १९५४ आणि १९५५ मध्ये दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, १९५६ मध्ये वीजकेंद्र आलं, साठच्या दशकात खतकारखाना. ‘शहर लांब’ म्हणताना माहुल आणि आंबापाडा ही कोळी-आगरी गावं कुणी मोजली नाहीत. १९४४ च्या गोदी स्फोटात कापूस आणि स्फोटकं एकाच जहाजात भरण्याची किंमत मुंबईने मोजली होती. त्या अनुभवातून साठवणुकीचे नियम कडक झाले, पण माणसांनी किती अंतरावर राहायचं हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आलाच नाही.

तो आला भोपाळनंतर. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्रीनंतर पाच वर्षांत कायद्यांचा सगळा नकाशा बदलला. १९८६ मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा झाला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण आलं. १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयातीचे नियम आले आणि धोका ओळखणं हे मालकाचं लेखी कर्तव्य झालं. कुंपणाच्या आतला आपत्कालीन आराखडा कारखान्याने करायचा, बाहेरचा जिल्हा पातळीवर व्हायचा. आतल्या आराखड्याचं मॉकड्रिल दर सहा महिन्यांनी, बाहेरच्याचं वर्षातून एकदा. या सगळ्याची निकड माहुलला १९८८ च्या नोव्हेंबरमध्येच कळली होती. तिथल्या एका शुद्धीकरण कारखान्यात नाफ्त्याला आग लागून तीसहून अधिक माणसं गेली.

१९८९ च्या नियमांचा पाया वजनाचा आहे. क्लोरीन दहा टनांच्या वर असेल तर इतकी जबाबदारी, पंचवीस टनांच्या वर असेल तर आणखी. भोपाळसारखा प्रसंग पुन्हा होऊ नये म्हणून केलेल्या कायद्याला हे साजेसंच आहे, कारण एका रात्रीत किती माणसं मरतील हे साठ्यावर ठरतं. पण कुणाच्याच खात्यात नसलेला साठा या जाळ्यातून निसटतो. जुलै २०१० मध्ये शिवडीच्या हाजी बंदरावर एका गंजक्या सिलिंडरमधून क्लोरीन सुटला आणि शंभरावर लोक आजारी पडले. ते सिलिंडर १९९७ पासून तिथे बेवारस पडून होते. जवळ ना कारखाना होता, ना रजिस्टर, ना भोंगा.

आता माहुलचा वास, म्हणजे टाक्यांशेजारच्या घरांत येणारा वाफेचा वास. पेट्रोलचा टँकर वरून भरतात तेव्हा आत शिरणारं इंधन आधीच्या वाफेला झाकणातून बाहेर ढकलतं. टँकर जितक्या लिटरचा, साधारण तितकीच वाफ बाहेर. गॅन्ट्रीवर, म्हणजे टँकर भरायच्या जागेवर, गॅस डिटेक्टर असतो, पण तो आगीसाठी लावलेला असतो. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के झाली की ठिणगीने पेटते. डिटेक्टर त्याच्या बराच आधी वाजतो, तरी तो आकडा दहा लाख भागांत शेकड्यांचा किंवा हजारांचा असतो. श्वासाची गोष्ट वेगळी. बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे अब्ज भागांत दोन भागही नाहीत. डिटेक्टर गप्प आणि शेजारच्या घरात डोळे चुरचुरतायत, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. प्लांटवर ‘हिरा’ म्हणतात ते धोका-जोखमीचं रजिस्टर मुख्यतः कामगाराच्या इजेचं असतं. पर्यावरणाचं ‘अॅस्पेक्ट-इम्पॅक्ट’ रजिस्टर वेगळं. झाकणातली वाफ पहिल्यात ‘आग’ म्हणून येते, दुसऱ्यात ‘उत्सर्जन’ म्हणून. शेजारच्या माणसाचा खोकला दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो.

पालिकेच्या एका रुग्णालयाने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत सुमारे ६७ टक्के रहिवाशांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं. त्याआधी २००९ च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात चेंबूरला ६९.१९ गुण मिळाले होते. ‘अतिप्रदूषित’ ठरायला ७० लागतात. एका गुणापेक्षाही कमी फरकाने चेंबूर खालच्या वर्गात राहिलं. डिसेंबर २०१५ मध्ये पर्यावरणविषयक लवादाने इथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे हे मान्य केलं.

त्यानंतर जे झालं ते मला अजून उलगडत नाही. २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची कुटुंबं हटवून माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत पाठवायला सुरुवात झाली. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंचे दहा मीटर मोकळे करायचे होते. तो हेतू रास्तच होता. पण पाण्याच्या पाइपाचा धोका मोजणाऱ्यांनी माणसं जिथे न्यायची तिथला धोका कागदावर असूनही वाचला नाही. टाक्या होत्या तेवढ्याच राहिल्या, पण त्यांच्याभोवती सातमजली इमारतींत हजारो नवी माणसं आली. हॅझर्ड तोच, रिस्क कैक पट. लोकांनी विद्याविहारला रस्त्यावर बसून आंदोलन केलं. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने कुणालाही माहुलला जायची सक्ती करू नका, पर्यायी घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्या, असा आदेश दिला.

ऑगस्ट २०२० मध्ये लवादाने चार कंपन्यांना मिळून सुमारे २८६ कोटी रुपये भरायला सांगितलं. त्यात सर्वांत मोठा वाटा शुद्धीकरण कारखान्याचा नव्हता. तो रसायनं उतरवून साठवणाऱ्या कंपनीवर आला, कारण चढ-उतार आणि साठवण करताना सुटणारी वाफ हाच आदेशाचा मुख्य मुद्दा होता. झाकणातल्या वाफेला इथे पैशांत मोल लागलं.

खरं तर १९८७ च्याच दुरुस्तीत कारखान्याने कामगारांना, स्थानिक संस्थेला आणि आसपासच्या जनतेला धोक्यांची माहिती द्यायची, असं ठरलं होतं. त्या कलमात आरोग्याला होणाऱ्या धोक्यांचा उल्लेख वेगळा केलेला होता.