शुद्ध पाण्याचा सर्व्हिस इंजिनिअर : कामामागचा इतिहास

औषध कारखान्यातील शुद्ध पाण्याची यंत्रणा सांभाळणाऱ्या सर्व्हिस इंजिनिअरच्या बॅगेत आज पान्यांच्या जोडीला कॅलिब्रेशन सर्टिफिकेटांची (मापन-उपकरणे अचूक असल्याच्या दाखल्यांची) फाइल असते. या फाइलीमागे बराच इतिहास आहे.

इंजेक्शननंतर रुग्णाला येणाऱ्या तापाचे मूळ ऊर्ध्वपातित पाण्यातील जिवाणूजन्य घटकांत आहे, हे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ फ्लोरेन्स सायबर्ट यांनी 1923 च्या सुमारास दाखवून दिले. म्हणजे पाणी उकळून थंड केले की काम झाले, हा समज तेव्हाच मोडला. पुढे 1935 मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी इंग्लंडमध्ये पाण्यातले क्षारांचे आयन धरून ठेवणारे कृत्रिम रेझिन तयार केले आणि त्यातून डीएम (डीमिनरलायझेशन, म्हणजे पाणी क्षारमुक्त करणारा) प्लांट आला. त्या काळातले सर्व्हिसचे काम म्हणजे मुख्यतः रिजनरेशन, म्हणजे वापरून थकलेले रेझिन ॲसिड आणि कॉस्टिकने पुन्हा ताजे करणे. मिक्स्ड बेड टाकीत दोन्ही रेझिन (धन आयन धरणारे कॅटायन आणि ऋण आयन धरणारे ॲनायन) एकत्र असल्याने आधी खालून पाणी सोडून हलके ॲनायन वर आणि जड कॅटायन खाली असे थर पाडावे लागत. साइट ग्लासमधून त्यांची सीमा स्पष्ट दिसल्याशिवाय ॲसिड आणि कॉस्टिक सोडण्यात अर्थ नसे.

लोब आणि भारतीय शास्त्रज्ञ श्रीनिवास सौरीराजन यांनी 1960 च्या आसपास कॅलिफोर्निया विद्यापीठात वापरायोग्य आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) मेम्ब्रेन, म्हणजे दाबाखाली पाणी जाऊ देणारा पण क्षार अडवणारा पडदा, बनवले. विजेच्या साहाय्याने रेझिन सतत ताजे ठेवणारी ईडीआय (इलेक्ट्रोडीआयोनायझेशन) यंत्रणा 1987 मध्ये बाजारात आली, आणि ॲसिडची पिंपे हळूहळू मागे पडली.

माझ्या मते या पेशाला खरे वळण मेम्ब्रेनने दिले नाही, ते 1996 मध्ये अमेरिकी औषधकोशाने (औषधांच्या दर्जाचे निकष ठरवणाऱ्या ग्रंथाने) दिले. क्लोराइड, सल्फेट, कॅल्शियम, अमोनिया अशा परीक्षानळीतल्या चाचण्या बाजूला ठेवून त्यांच्या जागी वाहकता (पाणी वीज किती वाहून नेते) आणि टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) ही दोन मोजमापे आली. टीओसीची मर्यादा 500 पीपीबी (अब्जात 500 भाग) ठरली. वाहकतेची मर्यादा चाचणीच्या पहिल्या टप्प्यात 25 अंश सेल्सिअसला 1.3, तर 80 अंशांना 2.7 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर आहे. हे मोजमाप तापमानाची भरपाई न करता घ्यायचे असते, त्यामुळे मीटरमधील ती सोय चालू राहिली तर आकडा स्वच्छ दिसूनही नोंद ग्राह्य धरता येत नाही. पाण्याचा निवाडा प्रयोगशाळेतून लूपवरच्या (पाणी सतत फिरते ठेवणाऱ्या पाइपलाइनवरच्या) प्रोबकडे, म्हणजे मोजणाऱ्या संवेदकाकडे, गेला, आणि त्या प्रोबची जबाबदारी साहजिकच सर्व्हिसवाल्यावर आली. गोव्यातील वेर्णा किंवा छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतून अमेरिकेला माल पाठवणाऱ्या कारखान्यांना हे नियम पाळावेच लागतात, म्हणून इथल्या इंजिनिअरच्या रिपोर्टलाही तेच वजन आले.

युरोपीय औषधकोशाने एप्रिल 2017 पासून इंजेक्शनच्या पाण्यासाठी ऊर्ध्वपातनाखेरीज मेम्ब्रेनच्या मार्गालाही मान्यता दिली. ऊर्ध्वपातनात पाणी उकळत असल्यामुळे जंतूंना थारा नसतो. थंड मेम्ब्रेनवर आणि पाणी साचून राहणाऱ्या डेड लेगमध्ये (पाइपच्या बंद फाट्यात) मात्र बायोफिल्म, म्हणजे जंतूंचा चिकट थर, धरते. त्यामुळे ठरलेल्या वेळी गरम पाण्याने किंवा ओझोनने सॅनिटायझेशन (यंत्रणेचे निर्जंतुकीकरण) करणे आणि त्याचे तापमान-वेळेचे आलेख रिपोर्टला जोडणे, हा आता या नोकरीतला मोठा भाग आहे.