कॉम्प्युटर टेबल बनवताय? मग लाकडाला हलायला जागा ठेवा

पहिल्यांदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर टेबल बनवलं तेव्हा माझं सगळं लक्ष मजबुतीवर होतं. चार फळ्या जोडून वरचा तक्ता केला आणि तो खालच्या चौकटीवर गोंद लावून वर दहा-बारा स्क्रू मारून असा पक्का बसवला की इंचभरही हलू नये, आणि मग कोरडे दिवस सुरू झाले आणि एका रात्री काम करता करता फट्ट असा आवाज आला, बघतो तर डाव्या टोकापासून आत वीतभर तडा. फळ्यांचा गोंदाचा जोड शाबूत होता, तडा त्याच्या शेजारून, अख्ख्या लाकडातून गेला होता. खूप वाईट वाटलं तेव्हा. पण हे का झालं ते शोधायला लागलो आणि लाकडाकडे बघायची माझी नजरच बदलली.

लाकूड म्हणजे बारीक बारीक नळ्यांची मोळी समजा, झाडाच्या उंचीच्या दिशेने उभ्या लावलेल्या. या नळ्यांच्या भिंती सेल्युलोजच्या धाग्यांनी विणलेल्या असतात आणि ते धागेसुद्धा बहुतेक करून लांबीच्याच दिशेने जातात. सेल्युलोजला पाणी फार आवडतं, हवेतली वाफसुद्धा ते धरून ठेवतं. पाण्याचे रेणू धाग्यांच्या मधे शिरले की धागे एकमेकांपासून बाजूला सरकतात, म्हणजे भिंत जाड होते, पण धाग्याची लांबी काही वाढत नाही. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच.

आकड्यांत सांगायचं तर सागाचं लाकूड पूर्ण ओलं असल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने साधारण 5.8 टक्के आकसतं, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने 2.5 टक्के, आणि लांबीत 0.1 ते 0.2 टक्के बस. आणि साग तर कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे! वलयांच्या या दोन दिशांमधल्या फरकामुळेच फळी वाकते पण. ओंडक्यातून सरळ कापलेली फळी सुकायला लागली की तिच्या टोकाला दिसणाऱ्या वलयांच्या कमानी सरळ व्हायला बघतात आणि फळी पन्हाळीसारखी होते. फळी निवडताना टोकाकडून बघायची सवय लावा, वलयं पृष्ठभागाला उभी असतील तर ती फळी रुंदीत जवळपास निम्मीच हलेल.

ताजं तोडलेलं लाकूड सुकताना आधी नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जातं आणि तोपर्यंत आकार बदलत नाही. लाकडाच्या सुक्या वजनाच्या साधारण 30 टक्क्यांपर्यंत पाणी उतरलं की मग भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि आकसणं सुरू होतं. लोकांना वाटतं की एकदा सीझन केलेलं, म्हणजे आधीच सुकवलेलं लाकूड आणलं की विषय संपला, पण तसं नाहीये, ते लाकूड आयुष्यभर हवेशी पाण्याची देवाणघेवाण करत राहतं. खोलीतली आर्द्रता 30 टक्के असेल तर लाकडात साधारण 6 टक्के पाणी राहतं, आर्द्रता 65 झाली की 12, आणि 80 झाली की 16 च्या आसपास.

आता पुढून मागे 70 सेमी रुंद असा सागाचा तक्ता घ्या. त्यातलं पाणी 8 वरून 12 टक्क्यांवर गेलं तर तक्ता सुमारे 5 मिमीने रुंद होतो. माझ्या टेबलात नेमकं याच्या उलट झालं, तक्ता आकसायला निघाला, खाली चौकटीची पुढून मागे जाणारी पट्टी लांबीत तसूभर बदलली नाही आणि स्क्रूंनी त्याला जागचं हलू दिलं नाही. लाकूड रेषांना आडवं ओढलं की सगळ्यात कमजोर असतं, सरपण फोडतो तेव्हा आपण हाच तर फायदा घेतो. मग फाटणारच ना.

उपाय सोपा आहे. तक्ता पुढच्या कडेला पक्का धरायचा म्हणजे हात टेकतो ती बाजू जागची हलत नाही, आणि मागचे स्क्रू चौकटीतल्या लांबट भोकांतून घ्यायचे, भोक पुढे-मागे लांब, स्क्रूच्या डोक्याखाली वॉशर. किंवा चौकटीच्या आतल्या बाजूला खाच पाडून त्यात लाकडाचे छोटे गुटके सरकते ठेवायचे आणि गुटके तक्त्याला खालून स्क्रूने बसवायचे, मला ही पद्धत जास्त आवडते. गोंद तिथे अजिबात नको.

पॉलिशने हे थांबतं का? थांबत नाही, फक्त सावकाश होतं. पण पॉलिश खालच्या बाजूलाही तेवढंच द्या हे कळकळीने सांगतो, कारण एकच बाजू बंद केली की दुसरी भराभर पाणी घेते-सोडते आणि तक्ता वाकतो. सीपीयूची गरम हवा थेट तक्त्याच्या खाली लागत असेल तरी तेच होतं, तिथली बाजू सुकून आकसते, म्हणून पंख्याचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवा.

आता मजबुतीचं. तक्ता किती झोल खाईल हे जाडीच्या घनावर ठरतं. 18 मिमीऐवजी 25 मिमी घेतला की जवळपास 2.7 पट ताठ. पायांमधलं अंतर 120 वरून 150 सेमी केलं तर तेवढ्याच वजनाला झोल जवळपास दुप्पट, आणि वजन वर्षानुवर्षं एकाच जागी राहिलं की लाकूड हळूहळू अजून वाकत जातं. पण जाड तक्ता आणायच्या आधी हे बघा, 75 मिमी रुंद आणि 18 मिमी जाड पट्टी आडवी ठेवण्यापेक्षा कडेवर उभी ठेवली तर 17 पट ताठ होते, त्याच लाकडात! म्हणून तक्त्याखाली पुढच्या आणि मागच्या बाजूला अशा उभ्या पट्ट्या हव्यात, फक्त गुडघ्यांना जागा सोडून.

टाइप करताना मॉनिटर डुलतो तो मात्र झोलामुळे नाही. चार पायांचा चौकोन बाजूला कलतो, त्याला मागून एक फळी किंवा तिरका टेकू दिला की टेबल एकदम शांत होतं.

जोडांबद्दल एवढंच की फळीच्या टोकाला लावलेला गोंद कधीच नीट धरत नाही, नळ्यांची तोंडं तो पिऊन टाकतात. कूस काढून, म्हणजे टोकाला अरुंद जीभ कोरून, ती खाचेत बसवली की लांब रेषांच्या बाजू एकमेकींना भिडतात आणि मग साधा पांढरा गोंदही लाकडाइतका मजबूत जोड देतो. जर्मनीत लाइपझिगजवळ 7000 वर्षांपूर्वीच्या ओकच्या विहिरी सापडल्यात, त्यांच्या चौकटीत अशाच कूस-खाचेचे जोड आहेत, पाण्याखाली हवा न लागता ते टिकून राहिले. विचार केला की अंगावर काटा येतो.

हलणं नकोच असेल तर प्लायवूड घ्या, त्यातले थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात त्यामुळे प्रत्येक थर शेजारच्याला फुगू देत नाही. फक्त त्याच्या कडेत स्क्रू मारू नका, थर सुटतात.

माझं दुसरं टेबल अख्ख्या लाकडाचंच आहे. मागे भिंतीपासून 1 सेमी जागा सोडली आणि चौकटीवर तक्त्याच्या मागच्या कडेशी पेन्सिलने खूण केली, तारीख घालून. दमट दिवसांत कड खूण ओलांडून भिंतीकडे गेली, कोरड्या दिवसांत परत आत आली, फरक 3 मिमीच्या आसपास. तडा नाही.