दुधाचा दर

दुधाचा दर म्हणजे शेतकऱ्याने डेअरीला किंवा संघाला घातलेल्या दुधाचे त्याच्या हातात किती पैसे पडतात तो आकडा. पिशवीवर किंवा बाटलीवर छापलेली किंमत वेगळी, त्या दोन आकड्यांच्या मधे संकलन, थंड करणं, वाहतूक, प्रक्रिया, पॅकिंग, वितरकाचं कमिशन हे सगळं बसतं. बहुतेक धंद्यांत विकणारा भाव सांगतो आणि घेणारा घासाघीस करतो, दुधात उलटं आहे, भाव घेणारा सांगतो आणि बऱ्याच ठिकाणी तर दूध पोचून, विकून झाल्यावर सांगतो.

याचं मूळ कारण दुधातच आहे. धार रोज काढावीच लागते, साधारण दिवसातून दोनदा, धार चुकली तर कास दाटते आणि मस्टायटिस, म्हणजे कासेचा आजार, व्हायची भीती असते. काढलेलं दूध काही तासांत थंड व्हायला हवं आणि थंड केलं तरी थोड्याच दिवसांत प्लांटला जायला हवं. धान्य कोठारात भरून भाव चढायची वाट बघता येते, दुधाला ती सोय नाही. शिवाय आज भाव पडला म्हणून उद्या गाय बंद करता येत नाही आणि आज भाव चढला म्हणून उद्या दूध वाढवताही येत नाही, कारण कालवड जन्मून पहिल्या वेतात दूध द्यायला लागेपर्यंत दोन वर्षांच्या वर जातात. म्हणजे रोज सकाळी माल तयार, थांबायची ताकद शून्य, आणि समोर घेणारे एक किंवा दोन. दूध दराचे जगभरातले जेवढे कायदे, संघ, कोटे, फॉर्म्युले आहेत ते सगळे या एकाच अडचणीवर शोधलेले उपाय आहेत असं म्हटलं तरी चालेल.

फॅट, डिग्री आणि एसएनएफ

गाईच्या दुधात साधारण ८७ टक्के पाणी असतं. पैसे मिळतात ते उरलेल्या भागाचे, म्हणजे फॅट आणि एसएनएफचे. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, त्यात प्रोटीन, लॅक्टोज आणि क्षार आले. पूर्वी दूध नुसतं मापाने घेतलं जायचं, तेव्हा पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि चांगलं दूध घालणाऱ्याचा तोटा व्हायचा. १८९० साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी फॅट मोजायची सोपी पद्धत काढली आणि त्याच सुमाराला स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनीही काढली. गर्बर पद्धतीत काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाइल अल्कोहोल घालायचं, हलवलं की नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वर आलेला पिवळसर फॅटचा थर आकड्यांवर वाचायचा. आता बऱ्याच ठिकाणी मिल्क अ‍ॅनालायझर आलेत, मिनिटभरात आकडा येतो, पण ते मशीन कॅलिब्रेट करायला शेवटी याच प्रयोगाचा आधार घेतात.

एसएनएफ मात्र अनेक ठिकाणी थेट मोजत नाहीत, लॅक्टोमीटरची (दुधाची घनता मोजायच्या नळीची) डिग्री आणि फॅट यांच्यावरून काढतात. रिचमंडच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र असं आहे की डिग्री भागिले ४, अधिक फॅटच्या ०.२ पट, अधिक ०.१४. फॅट ४ आणि डिग्री २८ लागली तर ७ अधिक ०.८ अधिक ०.१४, म्हणजे एसएनएफ ७.९४. आता गंमत नाही, खरी काळजीची गोष्ट अशी की सूत्रातले हे शेवटचे आकडे लॅक्टोमीटर कोणत्या तापमानाला कॅलिब्रेट केलाय त्यावर ठरतात, त्यामुळे लॅक्टोमीटर एका प्रकारचा आणि सूत्र दुसऱ्या प्रकारचं वापरलं, किंवा दूध कोमट असतानाच डिग्री घेतली आणि तापमानाची दुरुस्ती केली नाही, तर दुधात काहीही फरक न पडता पावतीवरचा एसएनएफ बदलतो. ३.९८ लागलेलं फॅट ३.९ लिहायचं की ४.० यानेही फरक पडतो. एका वेळेचा तो फरक किरकोळ दिसतो पण तो वर्षाला सातशेच्या वर वेळा होतो, म्हणून दूध घालणाऱ्याला सूत्र आणि राउंडिंग दोन्ही माहीत असायलाच हवं असं मला ठामपणे वाटतं.

फॅट आणि डिग्री दोन्ही का बघतात तेही समजून घ्यावं. दुधात पाणी घातलं की डिग्री उतरते, साय काढली की डिग्री चढते, आणि साय काढून वर पाणी घातलं तर डिग्री परत जागेवर येते आणि एकटा लॅक्टोमीटर फसतो. फॅट सोबत मोजलं की ते लगेच उघडं पडतं.

नुसत्या फॅटवर दर दिला तर गाईच्या दुधावर अन्याय होतो. समजा गाईच्या दुधाला फॅट ४ आणि एसएनएफ ८.५ आहे, म्हशीच्या दुधाला फॅट ७ आणि एसएनएफ ९. फक्त फॅट धरलं तर गाईच्या दुधाला म्हशीच्या ५७ टक्केच भाव मिळेल. भारतात यावर दोन घटकांची पद्धत आली, त्यात एक किलो एसएनएफची किंमत एक किलो फॅटच्या दोन तृतीयांश धरतात. म्हणजे फॅटला ३ आणि एसएनएफला २ असे गुण दिले तर १०० किलो गाईच्या दुधाचे १२ अधिक १७ असे २९ होतात, म्हशीच्या दुधाचे २१ अधिक १८ असे ३९, आणि गाईच्या दुधाला म्हशीच्या ७४ टक्के भाव मिळतो. न्यूझीलंडमध्ये फॅट आणि प्रोटीनच्या किलोवर पैसे देतात आणि वर दुधाच्या एकूण आकारमानाप्रमाणे थोडी कपात करतात, कारण तिथलं बहुतेक दूध पावडर, बटर, चीज होऊन परदेशी जातं आणि पाणी वाहून नेण्याचा, आटवण्याचा खर्चच होतो.

लिटर आणि किलोचा घोळ वेगळाच आहे. दूध पाण्यापेक्षा जड असतं, १ लिटर दूध म्हणजे सुमारे १.०३ किलो. १०० लिटर म्हणजे जवळपास १०३ किलो. वजन करून घेतलं आणि तोच आकडा लिटर समजून लिहिला तर कोणाला जास्त मिळालं ते यावरून कळतं.

स्वच्छतेचे नियम

दर आणि नियम इथे एकमेकांत गुंतलेत. दुधातल्या सोमॅटिक सेल्स, म्हणजे जनावराच्या शरीरातून दुधात आलेल्या पेशी, वाढल्या की कासेला आजार आहे असं समजतात, युरोपियन युनियनमध्ये त्याची मर्यादा एका मिलीला ४ लाख आहे, अमेरिकेत साडेसात लाख. जंतूंची संख्या कमी असेल तर बऱ्याच ठिकाणी बोनस, जास्त असेल तर कपात. अँटिबायोटिकचं मात्र कपातीवर भागत नाही, एका गोठ्यातलं औषधाचं दूध टँकरमध्ये गेलं की अख्खा टँकर बाद होतो. इंजेक्शन दिलेल्या जनावराचं दूध ठरलेले दिवस बाजूला काढायचं, हा नियम सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पिण्याचं दूध, चीजचं दूध

दूध एकच पण त्याचं पुढे काय होतं त्यावर त्याची किंमत ठरते. पिण्याचं दूध ताजंच लागतं आणि भाव थोडा वाढला तरी लोक घेतात, म्हणून त्यात पैसे जास्त. पुष्टकाळात, म्हणजे जनावरं भरपूर दूध देतात त्या दिवसांत, जास्तीचं दूध येतं त्याची पावडर आणि बटर करावं लागतं, त्यात भाव कमी मिळतो. मग प्रश्न असा येतो की कोणाचं दूध पिशवीत गेलं आणि कोणाचं पावडरला, आणि ते ठरवणार कोण.

अमेरिकेत १९३० च्या दशकात दर कोसळले तेव्हा यावरून दूध ओतून देणं, संप, हाणामाऱ्या झाल्या, आणि १९३७ च्या कृषी पणन करार कायद्यातून फेडरल मिल्क मार्केटिंग ऑर्डर, म्हणजे एकेका भागासाठी दूध खरेदीचे केंद्र सरकारचे नियम, पक्क्या झाल्या. सध्या अशा ११ आहेत. यात दुधाचे ४ क्लास आहेत, पहिला पिण्याचा, दुसरा आइस्क्रीम-योगर्टचा, तिसरा चीजचा, चौथा बटर आणि पावडरचा. प्रत्येक क्लासला किमान दर ठरतो, सगळे पैसे एका पूलमध्ये धरतात, आणि त्या भागातल्या शेतकऱ्यांना सरासरीने दर मिळतो, मग त्याचं दूध कुठल्याही प्लांटला गेलेलं असो. कल्पना खरंच चांगली आहे. पण तिसऱ्या-चौथ्या क्लासचा दर चीज, बटर, पावडर, व्हे (चीज करताना उरणारं पाणी) यांच्या घाऊक भावावरून उलटा काढतात आणि त्यातून मेक अलाउन्स म्हणून प्रक्रियेचा खर्च आधीच वजा करतात. प्लांटचा खर्च सूत्रात आहे, गोठ्याचा खर्च सूत्रात कुठेच नाही, चारा-पशुखाद्य महागलं तरी सूत्राला ते कळत नाही.

पूल कसा बिघडतो ते २०२० मध्ये दिसलं. पहिल्या क्लासचा दर महिना सुरू व्हायच्या आधीच जाहीर होतो, तिसऱ्याचा महिना संपल्यावर. कोविडमध्ये चीजचे भाव आधी पडले आणि मग एकदम उसळले, त्यामुळे जून २०२० मध्ये चीजच्या दुधाचा दर शंभर पौंडांना २१.०४ डॉलर झाला आणि पिण्याच्या दुधाचा मूळ दर ११.४२ डॉलरवरच राहिला. चीजचा दर पूलच्या सरासरीच्या वर गेल्याने चीजवाल्या प्लांटना पूलमध्ये पैसे भरावे लागले असते म्हणून त्यांनी आपलं दूध पूलबाहेर काढलं आणि पूलमधल्या शेतकऱ्यांच्या पावतीवर फरकाच्या रकान्यात उणे आकडे आले. पहिल्या क्लासचा दर ठरवायचं जे सूत्र २०१९ मध्ये बदललं होतं ते जून २०२५ पासून परत जुन्यासारखं केलं.

कोटा

दूधच मर्यादित ठेवायचं हा दुसरा मार्ग. युरोपमध्ये हमीभावामुळे बटर आणि पावडरचे डोंगर साठले म्हणून २ एप्रिल १९८४ पासून कोटे आले, जास्त दूध झालं तर दंड. ३१ मार्च २०१५ ला कोटे संपले, त्याच सुमाराला जागतिक बाजार पडलेला होता, दर इतके खाली गेले की २०१६ मध्ये दूध कमी करणाऱ्याला किलोमागे १४ सेंट द्यायची योजना काढावी लागली.

कॅनडाने कोटा ठेवला. तिथे १९६६ पासून कॅनेडियन डेअरी कमिशन आहे, दर ठरवताना उत्पादन खर्च धरतात आणि आयातीवर मर्यादेपलीकडे २०० टक्क्यांच्या वर शुल्क लावतात. शेतकऱ्याला दर स्थिर मिळतो हे खरंच, पण कोटा रोजच्या एक किलो बटरफॅटच्या हिशोबाने विकत घ्यावा लागतो, काही प्रांतांत त्याची कमाल किंमत २४,००० डॉलर ठरवलीय, आणि नवीन मुलाने गोठा सुरू करायचा म्हटलं तर गाईच्या आधी कोट्यालाच कर्ज काढावं लागतं.

संघ आणि करार

स्वतःची डेअरी काढणं हा तिसरा मार्ग, आणि माझ्या मते सगळ्यात भक्कम. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी एका खासगी कंपनीला दूध घालणं बंद केलं आणि १९४६ मध्ये त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली आपला संघ काढला. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं तेव्हा मानत, ते दुग्धतंत्रज्ञ एच. एम. दलाया यांनी करून दाखवलं आणि १९५५ मध्ये आणंदला प्लांट सुरू झाला. ही नुसती तंत्राची गोष्ट नव्हती, पावडर करता आली म्हणून पुष्टकाळातलं दूध परत पाठवायची पाळी टळली आणि दर टिकला. १९६५ ला राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ आणि १९७० ला ऑपरेशन फ्लड याच पायावर उभे राहिले. भारतात गहू-भातासारखा दुधाला किमान आधारभूत भाव मात्र नाही, त्यामुळे संघ नीट चालतो तिथे दर आणि वर्षअखेरचा दर फरक मिळतो, आणि संघ कमजोर असतो तिथे घेणारा सांगेल तो भाव.

ब्रिटनमध्ये १९३३ पासून मिल्क मार्केटिंग बोर्ड सगळं दूध घेऊन विकायचं, ते १९९४ ला बंद झालं आणि एकेक शेतकरी मोठ्या प्रोसेसरसमोर एकटा पडला. तिथे जुलै २०२४ पासून दूध कराराचे सक्तीचे नियम लागू झालेत, दर कसा ठरतो ते करारात लिहावंच लागतं आणि घेणाऱ्याला तो एकतर्फी बदलता येत नाही. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००० ला सगळं नियंत्रण काढलं, पुढे २०१६ मध्ये सीझन संपत आला असताना काही प्रोसेसरनी दर मागच्या तारखेपासून कमी केले आणि शेतकऱ्यांवर घेतलेले पैसे फेडायची वेळ आली. त्यातून १ जानेवारी २०२० ला डेअरी कोड, म्हणजे दूध खरेदीचे सक्तीचे नियम, आला, असे मागचे दर कापायला त्यात बंदी आहे. आता तिथल्या मोठ्या प्रोसेसरना दरवर्षी १ जूनला दुपारी २ पर्यंत पुढच्या सीझनचा करार किमान दरासकट वेबसाइटवर टाकावा लागतो, आणि शेतकरी तो उघडून शेजारच्या प्रोसेसरच्या दराशी जुळवून बघतो, दूध घालायच्या आधी.