वॉबल आणि वीव्ह: कोनसेट बदलण्याआधी हेलकावे मोजा

‘गाडी नव्वद-शंभरला हलते’ असं कुणी मोटरसायकलवाला म्हणाला की उत्तर ठरलेलं असतं: कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं) गेलाय, बदलून टाक. मग कोनसेट बदलला जातो, आणि पुढच्या रविवारी हायवेवर गाडी पुन्हा तशीच हलते. मग नवा टायर, मग शॉकअपचं ऑइल, मग ‘या मॉडेलचाच प्रॉब्लेम आहे’. मुळात गाडी वेगात दोन वेगळ्या प्रकारे हलते आणि आपण दोन्हींना वॉबलच म्हणतो. सगळा घोळ तिथून सुरू होतो.

वॉबल तुम्हाला माहीत आहे. हँडल डावी-उजवीकडे झरझर थरथरतं, बाकी गाडी जवळपास सरळ चालते. थ्रॉटल सोडून वेग ७०-६० कडे उतरताना, हात सैल असताना, ते बहुतेक वेळा दिसतं. हँडल नीट धरलं की पुष्कळदा थांबतं. (म्हणून हात सोडून ‘चेक’ करायचं नाही. रस्त्यावर तर कधीच नाही.) कोनसेट सैल, पुढचा टायर खड्ड्याखड्ड्यांनी झिजलेला, पुढची हवा कमी, रिमला आऊट, म्हणजे रिम वाकडी: कारणं बहुतेक पुढच्या टोकाला सापडतात. हे कुठलाही जुना मेस्त्री बरोबर शोधतो.

दुसरा प्रकार वीव्ह. ते मात्र हँडलमध्ये सुरू होत नाही. ते सीटखालून कळतं. गाडीची कंबर हलल्यासारखं वाटतं: मागचा भाग एका बाजूला सरकतो, गाडी किंचित कलते, मग दुसऱ्या बाजूला. हँडलही हलतं, पण संथपणे, गाडीच्या मागोमाग. पाहणाऱ्याला गाडी नागमोडी पोहत चालल्यासारखी दिसते.

फरक ओळखायला मी एकच गोष्ट विचारतो: हेलकावे मोजता येतात का? वीव्हचे हेलकावे सेकंदाला साधारण २ ते ४ असतात. टाळ वाजवून त्यांना साथ देता येईल, फार तर द्रुत लयीत. वॉबल सेकंदाला ६ ते १० च्या घरात असतं. ते मोजता येत नाही, फक्त हाताला झिणझिण्या आल्यासारखं जाणवतं. इंजिनाचं व्हायब्रेशन या दोन्हींपेक्षा वेगळं: ते आरपीएमबरोबर बदलतं, क्लच दाबला की बदलतं. त्यावर आणखी वेळ घालवू नका.

दुसरी खूण वेगाची. ठरावीक पट्ट्यात येऊन निघून जातं ते बहुधा वॉबल. वेग वाढवाल तसं बळावत जातं ते वीव्ह, कारण वेगाबरोबर ही लहर आपोआप विरण्याची गाडीची ताकद घटत जाते. आपल्याकडे चौपदरी महामार्गावर दुचाकीची मर्यादा ताशी ८० किमी आहे. त्या वेगाच्या आतच वीव्ह जाणवत असेल तर गाडीत काहीतरी खरोखर सैल आहे किंवा सामान चुकीचं लादलंय.

माझ्या साडेतीनशे सीसीच्या गाडीवर कोल्हापूरला जाताना हेच झालं. टॉपबॉक्स नवा, त्यात कॅमेरा, टूलकिट, पाण्याच्या बाटल्या, आणि बॉक्स मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकलेला. ९० ला मागचा भाग डोलायला लागला. वाटेतल्या गॅरेजवाल्याने न बघताच कोनसेट आवळून दिला. आता गाडी ट्रॅफिकमध्ये, अगदी चालण्याच्या वेगातही, भरकटायला लागली. कोनसेट फाजील घट्ट झाला की हँडलला स्वतःहून बारीक दुरुस्ती करता येत नाही. ९० चं डोलणं तसंच होतं. सामान टॉपबॉक्समधून काढून सीटवर, पाठीला टेकवून बांधलं आणि मागची हवा पुस्तकात लिहिल्याइतकी भरली, तेव्हा ते जवळपास गेलं. उरलेलं चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) बुशमध्ये सापडलं.

म्हणून वीव्ह असेल तर मागून सुरुवात करा. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागचं चाक अधांतरी. चिमट्याचं मागचं टोक धरून आडवं हलवा. खेळ जाणवला तर बुश गेले. मग चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे व्हील बेअरिंगचा खेळ वेगळा कळेल. या दोन गोष्टींची सरमिसळ करून लोक भलताच भाग बदलतात. मागचा टायर मधोमध झिजून चपटा झालाय का बघा. चेन टाइट करताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्यात का तेही बघा. घाईत चाक तिरकं बसवणं मी इतक्यांदा पाहिलंय की आता स्वतः मोजल्याशिवाय गॅरेजमधून निघत नाही.

आणि ‘हलतेय ना, स्टिअरिंग डँपर (हँडलची हालचाल मंदावणारा छोटा शॉकअप) लाव’. हा सल्ला ऐकला की मला राग येतो. १९७१ साली ब्रिटिश संशोधक रॉबिन शार्प यांनी मोटरसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडताना वॉबल आणि वीव्ह वेगळे काढले, आणि डँपर वॉबल शांत करत असला तरी जास्त वेगात वीव्ह वाढवू शकतो, हेही त्या गणितातून दिसलं. वीव्ह करणाऱ्या गाडीला डँपर लावणं म्हणजे पोटदुखीवर डोकेदुखीची गोळी नव्हे, पोटदुखी वाढवणारी गोळी.

तसंच ‘हललं की थ्रॉटल दे, सरळ होईल’. पुढच्या चाकावरचा भार कमी झाल्याने काही वेळा वॉबल शांत होतंही. वीव्हमध्ये हेच केलं तर लहर मोठी होते. गाडी हलायला लागल्यावर दोन्हीतलं काय आहे ते ओळखत बसायला वेळ नसतो, म्हणून मी दोन्हींना एकच करतो: हँडल आवळत नाही, टाकी गुडघ्यांनी धरतो, छाती पुढे झुकवतो, थ्रॉटल हळूहळू सोडतो, पुढच्या ब्रेकला हात लावत नाही. मोजणी नंतर, गाडी कडेला घेऊन, आठवून.